दुसरा लाडू आणि अर्धं घर

बाबांच्या तेरवीला मी त्यांचं घर नाकारलं. पंगतीत दुसरा लाडू नाकारतात ना, अगदी तसं. ताटावर हात आडवा, पण बोटांत जरा फट ठेवून.

घर वैशाली नगरातलं. स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा बाबांनी फंडाच्या पैशांत बांधलेलं. आई आधीच गेली होती. वारस दोघंच, दादा आणि मी. आम्ही चरोद्याला रेल्वेच्या क्वार्टरात. यांची नोकरी संपली की तेही सोडावं लागणार, आणि पुढं कुठं राहायचं याचा पत्ता नाही. अशा परिस्थितीत शहाण्या बाईनं काय केलं? साऱ्या नातेवाइकांसमोर पदर सावरून म्हटलं, "मले काही नको दादा. सारं तुझंच."

आणि आग्रहाची वाट पाहत बसली. आमच्यात पहिला नकार कोणी मनावर घेत नाही. दादा म्हणणार, असं कसं, तूही बाबांची लेकच ना. मी पुन्हा नाही म्हणणार, डोळे पुसणार. तिसऱ्यांदा मान खाली घालून अर्धं घर घेणार. सगळं मनात बसवून आले होते, रडण्याच्या जागांसकट.

दादा म्हणाला, "बरं."

त्याच पंगतीत वहिनीनं लाडवासाठी मात्र झोंबाझोंबी केली. "एक तरी घ्या ताई, तुमाले आमची शपथ." मी घेतला. काका म्हणाले, लेक असावी तर अशी. ते लाडवाबद्दल नव्हतं, एवढं मला कळलं आणि मी फुगले.

घरी परतताना यांनी विचारलं, "काय नाकारून आली, माहीत हाय का तुले?"

"दादा पुन्हा विचारन ना."

"कधी?"

"विचारन."

दादानं विचारलं. हक्कसोडीच्या कागदासाठी आधार कार्ड आणि दोन फोटो आहेत का, एवढंच.

दुर्गच्या रजिस्ट्री ऑफिसात मी फिकट, काठाची साडी नेसून गेले, त्यागाला शोभेल अशी. दादा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी दोनदा खोकले. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

साहेबांनी कागद उलटवत विचारलं, "मॅडम, अपनी मर्ज़ी से हक छोड़ रही हैं?"

"जी."

"कोई दबाव तो नहीं?"

"नहीं." कोणी साधा आग्रह करेना, दबाव कुठला.

"फिर भी एक बार और सोच लीजिए."

हे ते दिवसभर प्रत्येकाला म्हणत असणार. मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण कोणीतरी तिसऱ्यांदा विचारलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी मान खाली घातली.

"अब आप इतना बोल रहे हैं, तो रहने दीजिए. आधा रख लेती हूँ."

साहेबांनी आता मात्र मान वर केली. दादाचा मोबाईल मांडीवर पडला.

"अवं, तूच तर नको म्हटलं होतं."

"तू एकदा तरी आग्रह केला का?"

"मले वाटलं, तुले खरंच नको."

बिचारा. तेरवीच्या त्या पंगतीत माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता.

यांच्या रिटायरमेंटनंतर आम्ही वरचा मजला बांधला. दादा-वहिनी खाली, आम्ही वर. सणावाराला वहिनी अजून लाडूचा डबा घेऊन येते, पण विचारते एकदाच.

"घेता का ताई?"

"दोन दे," मी म्हणते.