गुरुवारचा पियानो

आमच्या घरात पियानो नव्हता. साधा कीबोर्डसुद्धा नव्हता. तरी अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या झाडून सगळ्या मराठी काकूंना ठाऊक होतं, की मी दर गुरुवारी पियानो शिकायला जाते.

खरं म्हणजे मी शू करायला शिकत होते. नऊ वर्षांची घोडी!

नागपूरहून अमेरिकेत आलो त्याच वर्षीची गोष्ट. शाळेच्या बाथरूममध्ये पाणी नव्हतं, नुसता कागद. मला किळस यायची. त्यातून आईची ताकीद होती, "बाहेरच्या सीटला अंग लावायचं नाही, अधांतरीच उरकायचं." मांड्या थरथरायच्या, दाराबाहेर मुली ताटकळलेल्या. मग मी जायचंच सोडलं. दिवसभर आवळून धरायचे आणि घर गाठायचे. हळूहळू ते आवळणं इतकं अंगवळणी पडलं, की घरी निवांत बसले तरी सुटेना. थोडी व्हायची, बाकीची आतच राहायची आणि मग नको तिथे यायची. गणिताच्या तासाला, पळताना, हसताना. पोटही साफ होईना. शाळेची नर्स दुसऱ्याच कुणाची तरी करडी पँट घालायला द्यायची आणि माझी ओली पँट पिशवीत बांधून हातात ठेवायची. ती पिशवी छातीशी धरून वर्गात परत जाताना मेलेली बरी असं वाटायचं. खरंच वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, हिचे स्नायू सैल पडायचं विसरलेत.

"म्हणजे आळशीपणा नाही ना हा?" आईनं विचारलं.

"छे, उलट गरजेपेक्षा जास्त मेहनत करतेय ती."

मग दवाखान्यातले गुरुवार सुरू झाले. तिथली थेरपिस्ट बाई दोन चिकटपट्ट्या लावायची. कुठे ते काय सांगू, अगदी तिथेच! त्यांच्या वायरी कॉम्प्युटरला जोडलेल्या, आणि स्क्रीनवर एक लाल फुगा. आवळलं की फुगा वर, सैल सोडलं की खाली. वर न्यायला मी एक नंबर. खाली उतरव म्हटलं की बोंब. आई कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची. बाई सांगायची, सीटवर पूर्ण टेक, पायाखाली स्टूल घे, श्वास पोटात जाऊ दे, जोर लावू नकोस, आपोआप येऊ दे. ते स्टूल बघून आई पुटपुटली, "हे तर आपल्या देशी संडासासारखंच झालं की!" त्या खोलीत आई हसली ती तेवढीच.

परतताना गाडीत ठरलेलं वाक्य असायचं, "कुणाला बोलायचं नाही हं." आमच्याच अपार्टमेंटमधल्या एका काकूंनी विचारलं, गुरुवारी हिला शाळेतून लवकर का नेता हो? आईच्या तोंडून निघून गेलं, "पियानो क्लास."

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी फुगा उतरला. जमिनीला टेकला आणि चक्क तिथेच थांबला. बाईनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी रोज कोरडी घरी यायला लागले. कोरडी! भर वर्गात हात वर करून सांगावंसं वाटायचं.

आणि मग त्याच काकूंकडे फराळाचं बोलावणं आलं. हॉलमध्ये नवाकोरा पियानो, त्यांच्या मुलीसाठी घेतलेला.

"अगं, तू पण शिकतेस ना? चल, वाजव बघू!"

सगळे हातात चकल्या घेऊन माझ्याकडे वळले. कुणीतरी मला धरून त्या बाकावर बसवलंसुद्धा. मी आईकडे बघितलं. खालून पुन्हा आवळायला लागलं होतं.

आई हसत म्हणाली, "अहो, कसलं काय! जमलंच नाही तिला. सोडला क्लास. डोकंच नाही तिला त्यात."

"असू दे गं, सगळ्यांना सगळं येतं थोडंच," काकू म्हणाल्या. मीही मान हलवली. हो, नाही जमलं. कान नुसते तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी धड जमलं होतं! आईचा भयंकर राग आला. आणि तिला माझ्यापायी असं बोलावं लागतं, याची त्याहून जास्त लाज वाटली.

मी उठले, बाथरूममध्ये गेले, दार लॉक केलं. काकूंच्या धाकट्याचं प्लास्टिकचं स्टूल तिथे होतं, ते पायाखाली ओढलं. नीट टेकून बसले. बाहेर काकूंची मुलगी पियानो वाजवायला लागली. मी डोळे मिटून तो लाल फुगा समोर आणला आणि हळूहळू खाली उतरवला.

झाली. न थांबता, एका धारेत, सगळी. परक्याच्या घरात पहिल्यांदाच. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

दारावर टकटक झाली. आई होती. "काय गं, बरी आहेस ना?"

"आई, झाली! सगळी झाली! एका धारेत!"

"हळू बोल," आई दाराला तोंड लावून म्हणाली, "लोक आहेत."