अकराव्या चित्राखालची ओळ

माझ्या घरात अकरा फुटबॉलवाले राहतात. बायको म्हणते, "बारावी मी, आन् मलाच बसायला जागा न्हाई." दोन-दोन फुटांच्या प्लायवर रंगवलेली ही मंडळी टीव्हीच्या डोक्यावर आहेत, कपाटाच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि डावा बॅक तर स्वयंपाकघराच्या दारावर चढून बसलाय. एवढ्या तसबिरी राजेलोकांच्या महालातही नसतील, आणि असल्या तरी त्यांच्या फ्रेमा माझ्याइतक्या जाड नसणार.

ही आमची जुनी टीम. दौंडच्या रेल्वे मैदानावर आम्ही एकदाच कप जिंकला, एक-शून्यनं. तो एक गोल मी मारला, असं मी जन्मभर सांगत आलो. सुरुवातीला तो दहा पावलांवरून मारलेला होता. पुढं तो मैदानाच्या मध्यावरून जायला लागला. साठी ओलांडेपर्यंत गोष्ट अशी झाली, की शेजारच्या रुळावर मालगाडी थांबली आणि गार्डानं हिरवा झेंडा दाखवला तेव्हाच बॉल जाळीत शिरला.

त्या वेळी मी रेषेबाहेर बसून लिंबं कापत होतो. बदली खेळाडू. गोल मारला आमच्या सेंटर फॉरवर्डनं, माझ्या केडगावच्या जिवलग दोस्तानं. पण तो नोकरीपायी लांब गेला तो गेलाच. बाकीचे माझी गोष्ट ऐकून आधी हसायचे, नंतर हसायचेही थांबले. मैदान मोकळं सापडल्यावर कोण सोडतो?

रिटायर झाल्यावर मी टीमची चित्रं करून घ्यायचं मनावर घेतलं. शिरूरला एक पेंटर गाठला. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळून गेला. त्याआधी त्यानं जन्मभर पुढाऱ्यांचीच थोबाडं रंगवलेली. पहिलं चित्र आमच्या गोलीचं. बघतो तर हात जोडलेले!

"आरं, हा बॉल अडवायचा का मतं मागायचा?"

"मामा, हाताला सवयच तशी पडलीया," पेंटर म्हणाला. "दुरुस्त करू का?"

"ऱ्हाऊ दे. त्याच्या हातून सुटलेल्या बॉलांची माफी मागतोय म्हणू."

चित्र मोटारसायकलला बांधून निघालो, तर न्हावऱ्याच्या चौकात दोघातिघांनी उलट नमस्कार केला आणि चिन्ह कुठलं म्हणून विचारलं.

प्रत्येक चित्राखाली त्याची जागा तेवढी लिहायची, असा माझा नियम. गोली. डावा बॅक. दहा झाली. तेवढ्यात सेंटर फॉरवर्ड केडगावला कायमचा राहायला आला. मी गेलो. माझी मालगाडीची गोष्ट त्याच्या कानावर आधीच पोचली होती. वहिनींनी चहा आणला.

"बसतो की चित्राला," तो म्हणाला. "पर खाली ओळ लिव्हायची. गोल यानं मारला."

"आरं, सगळ्यांखाली नुसती जागा लिव्हलीया."

"मग माझा खिळा मोकळा ऱ्हाऊ दे."

"एका गोलात काय ठेवलंय लेका?"

"काय न्हाई ना? मग लिव्ह की."

वहिनी हसल्या. तो हसला नाही. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. दोन वर्षं खिळा मोकळा राहिला. कुणी विचारलं तर सांगायचो, माणूस फार चढलाय.

मग कानावर आलं, त्याला काही आठवेनासं झालंय. मी पेंटरला मागं बसवून केडगाव गाठलं. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता. दाढी वहिनींनी केली असावी, हनुवटीखाली साबण राहिला होता.

"या, बसा," तो म्हणाला. "तुम्ही दौंडचे ना?"

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला तुम्ही म्हटलं. मी खुर्ची जवळ ओढली. वहिनींच्या देखत, पेंटरच्या देखत सांगून टाकलं.

"लेका, गोल तू मारलास. मी लिंबं कापत हुतो."

त्यानं समजूत काढल्यासारखा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"न्हाई हो. गोल तुम्हीच मारला. मालगाडी थांबली हुती. म्या बघितली."

पेंटर खाली मान घालून रेघा ओढत राहिला.

अकरावं चित्र लागलं. खाली ठळक अक्षरात ओळ: गोल यानं मारला. आलेगेले वाचतात आणि माझी पाठ थोपटतात. "काय मोठं मन तुमचं! आजारी दोस्ताला आपला गोल देऊन टाकला." खरं काय ते सांगायला जातो, तर म्हणतात, "मामा, आता ही नवी गोष्ट व्हय?"

मागच्या आठवड्यात वहिनी दौंडला औषधं घ्यायला आल्या, तेव्हा घरी डोकावल्या. चित्रापुढं उभ्या राहिल्या, ओळ वाचली.

"भाऊजी, दोन वर्सांमागं लिव्हली असती, तर त्यांनी वाचली असती."

बायको चहा घेऊन आली तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या.