हिरव्या बोंडांचं गणित

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे आधीच सांगते. आणि माझी गणित शिकवायची तऱ्हाही तशीच, झटपट. 'एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी' असं पोरांकडून घोकून घ्यायचं, झालं शिकवून! जाफराबादहून जीपनं अर्ध्या तासावरच्या त्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. तिथं मी कित्येक वर्षं हेच केलं.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. डोकं असं चालायचं की कधीकधी मीच गडबडायचे. तिच्या वडिलांनी मला शाळेच्या फाटकातच गाठून सांगितलं होतं, "मॅडम, ती निवासी शाळेची परीक्षा पास झाली तर शिकंल. न्हाई झाली तर बास. रोज भरल्या जीपमधी पोरगी पाठवायची न्हाई मला." परीक्षा जानेवारीत होती. हातात दोन महिने.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, उदाहरणं परिसरातली घ्या. मी मोठ्या हौसेनं पुस्तकातले गवंडी आणि भिंत काढून टाकली आणि फळ्यावर लिहिलं : सहा बाया एका शेतातला कापूस चार दिवसांत वेचतात, तर बारा बाया किती दिवसांत वेचतील? सगळ्यांनी 'दोन' लिहिलं. हिनं लिहिलं, 'सांगता येत नाही.'

"का गं?"

"मॅडम, सगळी बोंडं एकदम कुठं फुटतेत? फुटली तेवढी वेचायची, मंग पंधरा-वीस दिवसांनी दुसरी वेचणी. बारा बाया आणल्या तर निम्म्या बांधावर बसून राहतील."

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, मलाच हसले. मी अंबडच्या बाजारपेठेत वाढलेली. कापूस पाहिला तो गाडीत भरलेलाच. "जास्त शहाणपणा नको, गप बस खाली," मी खेकसले.

ती बसली ती बसलीच. सराव पेपरात असली उदाहरणं ती कोरी सोडायला लागली. एकदा चार, पुढच्या पेपरात सहा. माझ्या एका खेकसण्यानं या पोरीची शाळा सुटणार होती.

रविवारी मी त्यांच्या शेतात गेले. तिची आई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. तिला तेच गणित घातलं, तर ती हसतच सुटली. "हात वाढवले म्हणून बोंड फुटत असतं व्हय, मॅडम?" एकाच झाडावर तिनं मला तीन बोंडं दाखवली. एक पांढरंशुभ्र फुललेलं, एक नुसतं तडकलेलं आणि एक हिरवंगार, दगडासारखं टणक. मी ते हिरवं तोडून पर्समध्ये टाकलं. तिनं डोळे वटारले, ते बरोबरच होतं.

सोमवारी मी ते बोंड टेबलावर ठेवलं. "त्या दिवशी हिचं बरोबर होतं, चुकले मी. आता सांगा, उत्तर दोन यायला काय काय धरून चालावं लागेल?" पोरं तुटून पडली. सगळी बोंडं फुटलेली. पाऊस न्हाई. सगळ्या बायांचा हात सारखा. "आन् गप्पा मारायच्या न्हाईत!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. शेवटी ही हळूच उठली. "एवढं धरलं तर दोन."

"पेपर काढणारे एवढं धरूनच बसलेले असतात," मी म्हटलं, "फक्त सांगत नाहीत. तू मनात म्हण आणि सोडव."

परीक्षेला मीच तिला घेऊन गेले. बाहेर आली ती हसतच. "हौदाचं गणित आल्तं, मॅडम. त्यांच्या नळाला दिवसभर पाणी! धरलं तसं, आन् सोडवलं."

पास झाली. जायच्या दिवशी पेटीवर बसून जीपची वाट बघत होती. वडील शेजारी उभे.

"मॅडम, तिथं हिरव्या बोंडांचं गणित शिकवतेत का?"

"ते कसलं?"

"किती दिवसांनी किती फुटतील, मंग कधी किती बाया बोलवायच्या, ते."

मला ते येत नव्हतं. आजही येत नाही.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "तिथल्या सरांना विचार. आणि गप बस म्हणाले, तरी विचार."