गंगी बरी शे ना?

महिन्यापूर्वी यमुना, दगाभाऊ शिंप्यांची लेक, धुळ्याहून आली आणि शाळेच्या व्हरांड्यातच म्हणाली, "आबा गेलेत, मास्तर." हातातलं कापडात बांधलेलं पुस्तक तिनं पुढे केलं. "हाई तुमले देवाले सांगेल व्हतं." कापड सोडताच पुस्तक मी ओळखलं... आणि मान वर करवेना.

जन्मात मी एकच कादंबरी लिहिली. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत कुणा भामट्यानं ती चोरून छापली. माझं नाव उडवलं, शेवटची पानंही गिळली. आमचे प्रकाशक हात वर करून मोकळे! पुढे जळगावात शाळेसमोर दगाभाऊंनी दुकान थाटलं. कोटाचं माप घेता घेता एकदा म्हणाले, "मास्तर, हाई गंगीनी गोष्ट माले बठ्ठी तोंडपाठ शे. पन ती नदीना काठले उभी ऱ्हास, आनि पुढे पानंच नहीत. तुमी शिकेल मानूस. गंगीनं पुढे काय व्हयनं?"

त्यांनी काढून दाखवलेलं पुस्तक पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी लिहिलीय ती! चोरीचं पुस्तक वाचणाऱ्याला शेवट कशाला हवा? लेखकाची मेहनत तुम्हाला काय कळणार?"

त्यांनी हात जोडले. "जत्रामा भेटनं, लिधं. माले काय माहीत?" मग हळूच म्हणाले, "गंगीनं पोलकं डावीकडेच फाटस. घागर कंबरले लेस ना ती..."

ते पोलकं माझ्या आईचं होतं. अस्सल प्रत विकत घेऊन वाचणाऱ्या एकाही विद्वानाला ते दिसलं नव्हतं. तरी मी मेला हट्टी! त्यानंतर भेटले की ते एवढंच विचारायचे, "गंगी बरी शे ना?" मी म्हणायचो, "बघू." पुढे ते आजारी पडून लेकीकडे धुळ्याला गेले. सुट्टीत जाऊन सांगू, म्हणत राहिलो... धुळं काय लांब आहे?

पुस्तकाच्या शेवटी त्यांनी वहीची कोरी पानं मशीनवर शिवून ठेवली आहेत, काठाला दुहेरी टीप घालून. "आबा म्हनेत," यमुना सांगत होती, "राग जाई तवय मास्तर लिखतीन."

काल लिहायला बसलो. गंगी नदी ओलांडून माहेरी पोचते, एवढाच तर शेवट. माप घेता घेता सांगून झाला असता. आता कुणाला सांगू? पहिल्या पानावर कसंबसं लिहिलं, 'गंगी बरी आहे, दगाभाऊ.' पुढची पानं तशीच आहेत.