चोवीस मिनिटांची बाजू

"एक गाणं काढावं लागेल," मी म्हणालो, आणि कॅरलने चहाचा मग खाली ठेवला.

कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी वीस वर्षं रेकॉर्ड कापतो. म्हणजे फिरत्या तबकडीवर आवाजाची नागमोडी रेघ कोरतो. तिला ग्रूव्ह म्हणतात. आवाज मोठा असला की रेघेची वळणं रुंद होतात, जागा खातात. म्हणून एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणी घातली, तर सगळ्यांचाच आवाज बारीक करावा लागतो. कॅरलच्या अल्बमची पहिली बाजू नीट बसली होती. दुसरी भरत होती चोवीस मिनिटं.

कॅरल कंट्री म्युझिक गाते. गिटार, साधे शब्द, गोष्ट सांगितल्यासारखी गाणी. आयुष्यभर पबमध्ये दुसऱ्यांचीच म्हटली. साठीत पहिल्यांदा स्वतःची लिहिली. दुसऱ्या बाजूला दोन लांबलचक गाणी होती. एक तिच्या आईवर. दुसरं केअरर्सवर, म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या आणि प्रत्येक घरी पंधराच मिनिटं मिळणाऱ्या बायकांवर.

रेकॉर्ड लेबलच्या निकचा फोन आला. "केअरर्सचं काढ. आईचं रेडिओवर चालेल."

"एकही निघणार नाही," कॅरल म्हणाली. "आवाज बारीक कर."

"मग तुझ्या आईला ऐकू येईल?" मी विचारलं.

कॅरलची आई मॉरीन नव्वदीला टेकलेली, कानांनी अधू. तिच्या जुन्या प्लेअरवर लेकीची रेकॉर्ड वाजावी, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप चालला होता.

चूक माझीच होती. मिनिटं आधी विचारायची, हा आमचा पहिला नियम. मी आपला गाणी ऐकत बसलो आणि घड्याळ विसरलो.

शेवटी आईलाच स्टुडिओत आणलं. इथे सगळे थेट नावानेच हाक मारतात, पण मला काही ते जमलं नाही. मी मॉरीनबाईच म्हणालो. त्यांना दोन्ही गाणी मोठ्या आवाजात ऐकवली. स्वतःवरचं गाणं ऐकताना त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. दुसरं लागलं तसा तो सोडला आणि मांडीवर ठेका धरला.

"माझं काढ," त्या म्हणाल्या.

"मम!" कॅरल आईवर ओरडली.

"मला काय, तू घरी येऊन म्हणतेसच. त्या मुलींचं कोण म्हणणार? आणि तुझ्या पहिल्या नवऱ्याला मी दारातून हाकललं, हे सगळ्या इंग्लंडला कशाला कळायला हवं?"

कॅरल हसता हसता रडायला लागली.

निक थोडा कुरकुरला. अल्बम आला, दुसरी बाजू एकोणीस मिनिटांची, आवाज खणखणीत.

आईचं गाणं मी वेगळ्या मऊ तबकडीवर कापलं. एकच प्रत, एकच गाणं. जागाच जागा, त्यामुळे आवाज जाईल तेवढा मोठा. कॅरलला बजावलं, "ही नाजूक असते. पन्नासेक वेळा वाजेल, मग नुसती खरखर."

"पुष्कळ झालं. मम कुठली स्वतःचं कौतुक ऐकतेय!"

पाच आठवड्यांत कॅरल ती तबकडी घेऊन दारात हजर. पार झिजलेली.

"मला वाटलं, त्या लावणारच नाहीत," मी म्हणालो.

"तिला सुई धरवत नाही रे. सकाळी केअरर येते, ती लावते. संध्याकाळची दुसरी येते, तीही लावते. तिच्या पंधरा मिनिटांतली पाच त्यातच जातात. शेजारी बसून ऐकते."

मी नवी तबकडी मशीनवर चढवली. सध्या मॉरीनबाईंकडे चौथी चालू आहे.

तेव्हापासून नव्या क्लायंटला मी मिनिटं आधी विचारतो. आईवर गाणं आहे का, हेही विचारतो. असलं, तर एक कोरी तबकडी आधीच बाजूला काढून ठेवतो.