मागचा येतोय ना?

आमचे मामंजी लढाईत विमानात होते, हे लग्नाआधीच माझ्या कानावर घातलं होतं. "पायलट होते हो!" असं मध्यस्थ बाईनं हात नाचवून सांगितलेलं. नाहूरच्या घरात आल्यावर चार दिवसांत मामंजींनी स्वतःच तो फुगा फोडला. "पायलट पुढे बसतो, सूनबाई. मी मागे. त्याच्या पाठीला पाठ लावून, बंदूक धरून. बॉम्ब टाकायला तो खाली सूर मारायचा तेव्हा मला नुसतं आभाळ दिसायचं. वर आलो की मागे काय झालं ते मी बघायचं आणि त्याला सांगायचं. एवढंच माझं काम."

चालतानाही ते मागेच. बाजारात जा, मुलांना घेऊन आरे कॉलनीत जा, आम्ही पुढे आणि हे दहा पावलं मागे, छत्री टेकत. माझी मुलं त्यांना शेपूट म्हणायची. "शेपूट, येतोयस ना?" अशी ओरडली की ते छत्री आपटायचे, नाहीतर खाकरायचे. 'येतोय' हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणतील, "हं" म्हणतील, पण येतोय नाही. म्हातारपणाची खोड म्हणून मी ते सोडून दिलं.

भाऊबीजेला बोरिवलीहून आत्या यायच्या. सख्ख्या नव्हेत हो. त्यांचा भाऊ मामंजींच्याच तुकडीत होता, दुसऱ्या विमानात, असाच मागे बसणारा. ब्रह्मदेशात ते विमान गेलं ते गेलंच. घरी कागद आला, त्यावर बेपत्ता लिहिलेलं. लढाई संपल्यावर मामंजी त्यांच्या घरी भेटायला गेले आणि तेव्हापासून आत्या मामंजींनाच ओवाळायला लागल्या. मात्र पाट दोन मांडायच्या. एकावर मामंजी, दुसऱ्यावर भावाच्या नावाची सुपारी.

जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. शेजारणीनं एकदा तसं सुचवलं तर आत्या फाडकन म्हणाल्या, "चंद्राला ओवाळायला मला काय भाऊ नाही? बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे!" त्यांच्या आईनंही शेवटपर्यंत मुलाचं श्राद्ध घालू दिलं नव्हतं. हे बोलणं चाललं की मामंजींची मान खाली. मला वाटायचं, मित्राच्या आठवणीनं असेल.

ऐंशी साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील, मामंजी अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्या दिवाळीत मी त्यांना पेज भरवत होते, तर एकदम म्हणाले, "ह्या वेळी ती आली की तू इथेच थांब. मला तिला काही सांगायचंय, आणि मी पळेन."

अंथरुणाला खिळलेला माणूस पळणार कुठे? मी हसले. ते हसले नाहीत.

आत्या आल्या, पाट मांडायला वाकल्या.

"दुसरा मांडू नकोस," मामंजी म्हणाले.

"का रे दादा, तुझी जागा अडते?"

"तो पडताना मी बघितलाय."

आत्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मामंजी तुटक तुटक सांगत गेले. "त्यांचं विमान आमच्या मागे होतं. पेटलं. सरळ रानात गेलं. एकही हवाई छत्री उघडली नाही. पायलटनं विचारलं, मागचा येतोय ना? मी म्हटलं, येतोय." ते थांबले, दम घेतला. "नाही म्हटलं असतं तर तो बघायला वळला असता. खालून तोफा चालू होत्या. मी घाबरलो गं. उतरल्यावर साहेबांनी विचारलं, तेव्हाही सांगितलं की ढगात दिसेनासं झालं. तुमच्या कागदावरचं ते बेपत्ता माझ्या तोंडचं आहे."

"आई दारात बसायची," आत्या म्हणाल्या. "तू तिच्या समोर बसून चहा प्यायचास."

"हो."

ताटातलं निरांजन जळत होतं. आत्यांनी ते ओवाळलं नाही, विझवलंही नाही. चपला घातल्या आणि निघाल्या. मी जिन्यापर्यंत धावले, "आत्या, निदान तोंड तरी गोड..." त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आत आले तर मामंजींनी विचारलं, "परत येईल?"

"येतील हो, येणार नाहीत तर जातील कुठे!"

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "बघून सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?"

मी ओवाळणीचं ताट उचलून देवघरात नेऊन ठेवलं. नवव्या दिवशी दुपारी ते गेले. आत्यांना निरोप धाडला, त्या आल्या नाहीत. दिवसांना नाही, वर्षभर नाही.

पुढच्या भाऊबीजेला दिवेलागणीच्या आधी दार वाजलं. आत्या. हातात झाकलेलं ताट.

"गच्ची उघडी आहे का गं तुमची?"

आम्ही दोघी वर गेलो. बीजेचा चंद्र तो केवढासा, नखाएवढा, त्यातून लगेच मावळणारा. पश्चिमेला कारखान्याचा धूर. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी निरांजन लावलं, पदराचा आडोसा केला आणि विचारलं, "दिसतोय का?"

दिसतोय म्हटलं असतं तर त्यांना काय कळणार होतं? ओवाळून घेतलं असतं, चार घास खाऊन सुखानं घरी गेल्या असत्या. शब्द अगदी जिभेवर आला होता माझ्या.

"नाही दिसत, आत्या. धूर आहे."

"मग थांबू. एका चंद्रात दोघांना बसवायचंय, नीट दिसायला नको?" वाऱ्यानं ज्योत हलली तशा त्या मला आणखी खेटून उभ्या राहिल्या. "दिसला की सांग हो. दिसला तरच."