तुरटी कोणी खाल्ली

आमच्या पाणीयोजनेवरचा ऑपरेटर तुरटी विकून खातो, असं गावात ठरलं तेव्हा मी सांगलीला होते. ठरलं म्हणजे कुणी सभा घेऊन ठरवलं नव्हतं, कट्ट्यावर ठरलं. आमच्याकडं बहुतेक गोष्टी तिथंच ठरतात. ग्रामसभा नंतर नुसती मान हलवते.

पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी येणार, त्याचं कुणाला नवल नाही. पण त्या पावसाळ्यात नळाचं पाणीही निवळेना. पांढुरकं, पातळ ताकासारखं. रात्रभर हंडा भरून ठेवला तरी तळाला काही बसायचं नाही. तोंडात घेतलं की जीभ आवळायची आणि चहात दूध फाटायचं. चहा फाटला की आमचा गाव पेटतो. रस्ते फुटले, शाळेचं छत गळलं, तेव्हा पेटला नव्हता. मी पत्रकं वाटून थकले होते.

ऑपरेटर जत भागातला. त्याच्या बापजाद्यांची मेंढरं आमच्याच रानात बसायला यायची. खत आम्हाला हवं असायचं, माणसं नको असायची. हा मात्र बायको आणि दोन मुलींना घेऊन योजनेवरच्या खोलीत राहिला. कंत्राटी नोकरी. थोरली आमच्याच हायस्कूलला दहावीत होती. येत्या ग्रामसभेत त्याला काढायचा ठराव येणार होता, म्हणजे खोली जाणार आणि मुलीचं वर्ष मध्येच मोडणार. हे सगळं पाणी निवळत नाही एवढ्यावरून. तुरटीच्या लाद्या खोलीत शिल्लक किती, हे बघायलाही कुणी गेलं नव्हतं.

सांगलीहून परतल्यावर मी गेले. त्यानं कुलूप काढून दाखवलं.

"मापानंच टाकतोय ताई. सकाळी भिजवायची, दिवसभर थेंब थेंब सोडायची. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"मग पाणी निवळत का नाही?"

तो हौदाकडं बघत राहिला. "ते मला इचारू नका."

मला राग आला. त्याच्यावरही आला. स्वतःच्या बाजूनं बोलायला तोंड उघडत नाही अशा माणसासाठी भांडायचं तरी कसं? पण बाटल्या घेतल्या. नदीचं पाणी, हौदातलं, नळाचं.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण सांगलीत एका प्रयोगशाळेत काम करते. एमआयडीसीतून रंग येतात, चिनी मातीचं कालवण येतं, हळदीची पूड येते, आणि त्यातले कण केवढे आणि त्यांच्यावर विजेचा भार किती ते ती मोजते. बाटल्या टेबलावर ठेवल्या तर तिनं टोपण उघडून वास घेतला.

"कशानं धुतल्यास?"

"साबणानं. चांगल्या घासून."

"वा. मग आता साबणाचा भार मोजू या? परत जा. नुसत्या त्याच पाण्यानं विसळ, आणि मग भर. मोर्चा काढायची घाई असते तुला, पाण्याला नसते."

परत एसटी, परत गाव, परत सांगली. या खेपेला तिनं बाटल्या घेतल्या.

यंत्र म्हणजे पांढरी पेटी, घरातल्या मिक्सरपेक्षा थोडी मोठी. पाण्याचे थेंबभर नमुने तिनं करंगळीएवढ्या पारदर्शक नळीत भरले. आधी आकार. लेझरचा उजेड पाण्यातून जातो, कण त्यात वळवळतात. बारीक कण चटचट, मोठा कण जडपणे. त्या वळवळीवरून आकार कळतो. तुरटीनं काम केलं असतं तर मातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे झाले असते, डोळ्यांना दिसण्याएवढे. आमच्या नळातले कण सुटे होते. नदीतल्यासारखेच बारीक.

"मग तुरटी पडलीच नाही," मी म्हणाले. म्हणजे गाव खरं बोलत होता?

"थांब जरा. भार बघू."

दुसरी नळी. तिच्यात सोन्याच्या रंगाचे दोन पत्रे होते. वीज सोडली की कण कुठल्या बाजूला पळतात आणि किती वेगानं, ते यंत्र बघतं. नदीच्या मातीचा भार वजा आला. तो तसाच असतो. सगळ्या कणांवर वजा, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. भाऊबंद जसे एका पंगतीला बसत नाहीत तसे. तुरटी मध्यस्थ म्हणून जाते, वजा मारते, भार शून्याजवळ आला की कण एकमेकांना धरतात आणि खाली बसतात.

नळाच्या पाण्याचा आकडा आला, आणि मैत्रीण खुर्चीत मागं रेलली.

"अधिक," ती म्हणाली. "बऱ्यापैकी अधिक."

"म्हणजे?"

"म्हणजे तुरटी कमी नाही. ढिगानं आहे. इतकी की मातीचा वजा मरून वर अधिक चढलाय. आता सगळ्यांवर अधिक, म्हणून परत सगळे एकमेकांना ढकलतायत. तुमच्यात मध्यस्थच इतके झालेत की त्यांचीच भाऊबंदकी लागलीय. पाणी आंबटही झालं असणार. चहा फाटतो म्हणालीस ना?"

कमी टाकून असं होतच नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं. ज्याच्यावर तुरटी विकल्याचा आळ, त्याच्या पाण्यात तुरटी मावत नव्हती.

मग टाकली कुणी? त्यानं तर मापानं टाकली होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच घरात मिळालं. आई मारुतीला निघाली होती. ताटलीत फुलं, उदबत्ती आणि सुपारीएवढा तुरटीचा खडा.

"हे काय?"

"हौदात टाकायला. तो मेला टाकत न्हाई, मग आपनच नको का टाकायला? सगळीच टाकत्यात. पयल्या पुरात दोन दिस पानी गढूळ आलं, तवा बचत गटातल्या बायांनी सुरू केलं."

मी तिच्यामागं गेले. पाणी मिसळायचा हौद रस्त्याला लागून आहे, कठडा कमरेएवढा. फिरायला निघालेले निवृत्त फौजी, दूध घालून परतणारी माणसं, शाळेतले मास्तर, सगळे खिशातून, पदरातून खडा काढत होते. पुलावरून एसटी जाताना कृष्णामाईत नाणं टाकतात ना, तस्सं. खडा टाकायचा, हात जोडायचे, पुढं चालायचं. पाणी निवळेना म्हणून उद्या आणखी मोठा खडा. भाव खरा होता. कुणी कुणाचं वाईट करायला टाकत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं.

ग्रामसभेला मी चहाच्या गाड्यावरचे काचेचे पेले नेले. मैत्रिणीनं शिकवल्याप्रमाणं नदीचं पाणी सगळ्यांत सारखं ओतलं आणि तुरटीचं पाणी वाढवत वाढवत घातलं. पहिल्यात अगदी थोडं, शेवटच्यात भरपूर. चमच्यानं ढवळून ठेवून दिलं.

"हितं लग्नाचं सरबत चाललंय काय?" मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे.

ठराव मांडणारे सुभेदार आबा पुढंच बसले होते. सैन्यातून आलेले, आवाज अजून परेडचा. "पोरी, टाइम वेस्ट करू नकोस. मुद्द्याचं बोल."

"आबा, जरा दम धरा. मुद्दाच खाली बसतोय."

मधल्या पेल्यांत माती कापसासारखी जमून तळाला गेली, वर पाणी नितळ. पहिला गढूळ राहिला. आणि शेवटचा, ज्यात सगळ्यांत जास्त तुरटी, तोही गढूळ राहिला. अगदी आमच्या नळासारखा. माणसं उठून जवळ आली. एकानं पेला उजेडाला धरला.

यंत्रानं काय सांगितलं ते मी तेव्हा सांगितलं. मग म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी हौदात तुरटी टाकली, त्यांनी हात वर करा."

आधी बायकांतून माझ्या आईचा हात वर गेला. मग बचत गटाच्या साऱ्याजणींचा. मग मास्तरांचा. शेवटी आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोच हात थोडा वर केला.

"रोज एक. ड्यूटी समजून टाकत हुतो," ते म्हणाले.

ऑपरेटर दाराशी उभा होता. आबा त्याच्याकडं वळले. आता त्यांनाच राग आला होता. "आणि तू रं? तिथंच ऱ्हातोस. रोज बघत हुतास. बोलला का न्हाईस?"

"आवं, कसं बोलू?" तो म्हणाला. "तुमी आधीच म्हनत व्हता, तुरटी खातो. त्यात टाकू नका म्हनलो असतो, तर काय म्हनला असता?"

ठराव कुणी मागंही घेतला नाही. तो वाचलाच नाही, पुढचा विषय घेतला. हौदाला जाळी बसली, महिन्याभरात पाणी नितळ झालं. माफी कुणी मागितली नाही. आबांच्या घरून मात्र दुसऱ्या दिवशी खोलीवर पुरणपोळ्या गेल्या, आणि सून सांगत होती की आबांनीच पाठवल्या.

मला ते पुरेसं वाटलं नाही. अजून वाटत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचा भार मोजायला यंत्र आहे. परक्या माणसावर गाव किती भार टाकतं ते कशानं मोजायचं? पोळ्या गेल्या त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा मोठा घेतला, 'चोर कोण?'. छापायला टाकायच्या आधी ऑपरेटरला दाखवायला गेले. तो दारात बसून थोरलीचं विज्ञानाचं पुस्तक बघत होता. पत्रक त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

"लय चांगलं लिवलंय ताई. पर छापू नका."

"का? खोटं आहे का यात काही?"

"सगळं खरं हाय. म्हनूनच नको. तुमी छापून सांगलीला जाल. मला उद्या ह्याच लोकांस्नी पानी सोडायचंय. पोरीला ह्याच शाळंत जायचंय. पोळ्या आल्या न्हवं? ऱ्हाऊ द्या."

मी वाद घातला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुन्हा नको म्हणाला. पत्रक मी छापलं नाही. थोरली त्या वर्षी दहावी पास होऊन पुढं शिकायला गेली, आणि त्यानंतर कधीतरी रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं मला सांगितलं, आता लिवा वाटलं तर, पर नावं काढून. आबांचं बी काढा.